तीस टेस्लामध्ये धारा किती उरते? लोहाधारित अतिसंवाहकांच्या पातळ फिल्म्सविषयी

शून्यरोध (धागालेखक)

२००८ च्या सुरुवातीला टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हिदेओ होसोनो यांच्या गटाने लँथॅनम, लोह, आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात थोडे फ्लोरिन मिसळून २६ केल्विनला अतिसंवाहकता, म्हणजे रोधाशिवाय धारा वाहणे, दाखवली, आणि त्याच वर्षी बीजिंगमधील संशोधकांनी लँथॅनमच्या जागी समॅरियम घालून ते तापमान ५५ केल्विनपर्यंत नेले. लोह आणि अतिसंवाहकता यांचे हाडवैर आहे असे तोवर मानले जात असल्यामुळे चर्चा साहजिकच तापमानाभोवती फिरली. माझ्या मते मात्र या पदार्थांचे खरे बळ तीव्र चुंबकीय क्षेत्रात दिसते, आणि ते सर्वांत स्वच्छ रीतीने मोजता येते ते पातळ फिल्म्समध्ये. म्हणून हा धागा.

दोन आकड्यांपासून सुरुवात करतो. २०१३ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने लोह, सेलेनियम आणि टेल्युरियम यांच्या फिल्ममधून ४.२ केल्विनला, ३० टेस्लाच्या क्षेत्रातही, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ लाख अँपिअर इतकी धारा रोधाशिवाय वाहते, असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नागोया आणि ड्रेस्डेन येथील संशोधकांनी समॅरियमच्या संयुगाची फिल्म फ्लोरिडातील टॅलाहासीच्या उच्च चुंबकीय क्षेत्र प्रयोगशाळेत ४५ टेस्लापर्यंत नेली. तेथे क्षेत्र फिल्मला लंब असो की समांतर, घनता १ लाखाच्या वरच राहिली. या आकड्यांचे वजन कळण्यासाठी एवढे सांगतो की, सर्नच्या मोठ्या कणत्वरकातील निओबियम-टायटॅनियमची चुंबके १.९ केल्विनला ८.३३ टेस्लासाठी रचलेली आहेत, आणि निओबियम-टिनच्या तारेने बांधलेल्या चुंबकांची मजल २३-२४ टेस्लाच्या आसपास थांबते.

क्षेत्र वाढत गेले की अतिसंवाहकता दोन वाटांनी मरते. पहिल्या वाटेत, रोधरहित धारा वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोडीतील दोघांवर क्षेत्राचा जोर विरुद्ध दिशांना पडतो आणि त्यांच्या कक्षीय गतीमुळे जोडी फाटते. जोडीचा विस्तार, म्हणजे सुसंगती लांबी, जितका लहान तितके हे फाटणे अवघड. लोहाधारित पदार्थांत ही लांबी दोन-तीन नॅनोमीटर इतकीच असल्यामुळे ही वाट फार उशिरा खुली होते. दुसऱ्या वाटेत क्षेत्र दोन्ही इलेक्ट्रॉनांची फिरकी एकाच दिशेला वळवू पाहते आणि विरुद्ध फिरकींची जोडी टिकत नाही. साध्या सिद्धांतानुसार या दुसऱ्या मर्यादेचे टेस्लामधील मूल्य म्हणजे क्रांतिक तापमानाची (ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो, त्याची) १.८४ पट. लोह-सेलेनियम-टेल्युरियमचे क्रांतिक तापमान १५ केल्विन धरले तर ही मर्यादा २७-२८ टेस्ला येते, पण प्रत्यक्षात तो पदार्थ अतिशीत तापमानाला ४५ ते ५० टेस्लापर्यंत तग धरतो. उलट, क्रांतिक तापमानाजवळ मोजलेल्या चढावरून केवळ कक्षीय हिशेब केला तर १०० टेस्लाच्या पुढचे आकडे येतात, तेही खरे ठरत नाहीत. खरे मूल्य या दोहोंच्या मधे आहे, आणि कमी तापमानाला फिरकीच्या वाटेचेच राज्य चालते. कक्षीय मर्यादा दिशेनुसार बदलते, फिरकीची फारशी बदलत नाही. म्हणूनच तापमान उतरते तसे या पदार्थांतील लंब आणि समांतर क्षेत्रांतला फरक मिटत जातो. २००९ मध्ये बेरियम-पोटॅशियम-लोह-आर्सेनिकच्या स्फटिकांवर ६० टेस्लापर्यंतच्या स्पंदित क्षेत्रात हीच गोष्ट दिसली होती. थरांनी बनलेला पदार्थ जवळजवळ सर्व दिशांना सारखा वागतो, हे ताम्र-ऑक्साइडांची, म्हणजे आधीच्या उच्च तापमान अतिसंवाहकांची, सवय असलेल्या डोळ्यांना विचित्रच वाटले असणार.

एवढे मोठे क्षेत्र सोसले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहकात (लोहाधारित पदार्थ त्यांतलेच) क्षेत्र शिरते ते सुट्या भोवऱ्यांच्या रूपाने, हे अब्रिकोसॉव्ह यांनी १९५७ मध्ये दाखवले. प्रत्येक भोवऱ्यात चुंबकीय फ्लक्सचा एकच ठरलेला वाटा असल्यामुळे क्षेत्र वाढणे म्हणजे भोवऱ्यांची दाटी वाढणे. १ टेस्लाला शेजारच्या दोन भोवऱ्यांत सुमारे ४९ नॅनोमीटर अंतर असते, १० टेस्लाला ते साडेपंधरावर येते, ३० टेस्लाला जेमतेम ९ नॅनोमीटर राहते. भोवऱ्याचा गाभा, जेथे अतिसंवाहकता मेलेली असते, तो स्वतःच पाचएक नॅनोमीटर रुंद. ३० टेस्लाला फिल्मच्या एका चौरस मायक्रोमीटरमध्ये साडेचौदा हजार भोवरे उभे असतात. आता फिल्ममधून धारा सोडली की या प्रत्येकावर आडवा जोर येतो. भोवरे सरकू लागले की विद्युत्दाब निर्माण होतो, आणि दाब निर्माण झाला की रोध परत आला. त्यांना जागच्या जागी खिळवून ठेवणारे दोष पदार्थात हवेत. धारेची मर्यादा ठरते ती त्या दोषांच्या पकडीवरून.

पकडीचा जोर किती लागतो, हेही काढता येते. १ लाख अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर गुणिले ३० टेस्ला म्हणजे दर घनमीटरला ३० अब्ज न्यूटन. पोलादाच्या एक घनमीटर ठोकळ्याचे वजन ७७-७८ हजार न्यूटन भरते. त्याच्या जवळजवळ चार लाख पट जोर हे काही नॅनोमीटरचे दोष सोसत असतात!

फिल्म्सची गंमत अशी की हे दोष तेथे हवे तसे पेरता येतात. कोबाल्ट मिसळलेल्या बेरियम-लोह-आर्सेनिकच्या फिल्म्समध्ये वाढीच्या वेळीच बेरियम-लोह-ऑक्साइडचे चार-पाच नॅनोमीटर जाडीचे खांब आपोआप उभे राहतात, असे विस्कॉन्सिन आणि टॅलाहासीच्या गटांनी दाखवले. खांबांमधील अंतर सोळा-सतरा नॅनोमीटर असल्यामुळे आठ-नऊ टेस्लापर्यंत प्रत्येक भोवऱ्याला स्वतःचा खांब मिळतो, आणि लंब दिशेच्या क्षेत्रात धारा नेहमीपेक्षा जास्त टिकते. त्यापुढे मात्र खांब कमी आणि भोवरे फार, अशी स्थिती येते. जपानमध्ये फॉस्फरसयुक्त फिल्म्समध्ये बेरियम-झिर्कोनेटचे सूक्ष्म गोलाकार कण विखरून हाच हेतू सर्व दिशांसाठी साधला गेला. ब्रुकहेवनच्या गटाने २०१६ मध्ये लोह-सेलेनियम-टेल्युरियमवर १९० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनांचा मारा केला, तेव्हा धारा तर वाढलीच, शिवाय क्रांतिक तापमानही १८.० वरून १८.५ केल्विनवर गेले. दोष वाढवून क्रांतिक तापमान वाढावे हा प्रकार दुर्मीळ आहे. दोषांभोवतीच्या नॅनोमीटर पातळीवरील ताणाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला आहे.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः मोजमापाच्या बाजूविषयी कोणी प्रत्यक्ष काम केलेले असेल तर वाचायला आवडेल.

जिज्ञासू नाशिककर

लेख दोनदा वाचला. भोवऱ्यांमधील अंतराचा हिशेब प्रथमच नीट समजला. दोन शंका आहेत. समॅरियमच्या संयुगाचे क्रांतिक तापमान ५५ केल्विन असेल, तर सगळी मोजमापे ४.२ केल्विनलाच का सांगितली जातात? आणि अतिसंवाहकता ५० टेस्लापर्यंत टिकते असे म्हणताना, रोधरहित धाराही तेथपर्यंत टिकते असे धरायचे की ती आधीच संपते?

शून्यरोध

जिज्ञासू, तुमच्या दोन्ही शंकांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. रोधरहित धारा आधीच संपते. ज्या क्षेत्रापलीकडे भोवरे खिळून राहत नाहीत, त्याला अपरिवर्तनीयता क्षेत्र म्हणतात, आणि चुंबक बांधणाऱ्याला त्याच्याशीच कर्तव्य असते. उष्णतेच्या थरथरीने भोवरे दोषांच्या पकडीतून निसटतात. ही थरथर किती प्रभावी ठरते हे क्रांतिक तापमान, सुसंगती लांबी आणि दिशाभेद (दिशेनुसार गुणधर्म बदलणे) या तिन्हींवर अवलंबून असते. बिस्मथाच्या ताम्र-ऑक्साइडात तिन्ही गोष्टी प्रतिकूल आहेत. म्हणून ११० केल्विनपर्यंत अतिसंवाहक राहूनही तो पदार्थ ७७ केल्विनला तीव्र क्षेत्राच्या चुंबकासाठी निरुपयोगी ठरतो. बेरियम-लोह-आर्सेनिकच्या कुटुंबात थरथर फार क्षीण आहे आणि अपरिवर्तनीयता क्षेत्र वरच्या क्रांतिक क्षेत्राला, म्हणजे जेथे अतिसंवाहकताच संपते त्या क्षेत्राला, जवळजवळ चिकटून चालते. समॅरियमचे संयुग या बाबतीत मधे कुठेतरी बसते, कारण त्याचे क्रांतिक तापमान जास्त आहे आणि दिशाभेदही जास्त आहे.

४.२ केल्विन हे द्रव हेलियमचे तापमान, म्हणून तुलनेचा मापदंड. २० केल्विनच्या आसपासही, म्हणजे शीतयंत्राने सहज गाठता येणाऱ्या तापमानाला, समॅरियमचे संयुग आणि काही प्रमाणात बेरियमचे कुटुंब कामाचे राहते. लोह-सेलेनियम-टेल्युरियमचे क्रांतिक तापमानच २० च्या आतबाहेर असल्यामुळे त्याला हेलियमशिवाय गत्यंतर नाही.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत फिल्म्सच्या मोजमापाचे काम करतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

तीव्र क्षेत्रात फिल्मच का वापरतात, याचे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. फिल्मवर साधारण ५० मायक्रोमीटर रुंदीचा अरुंद पूल कोरला आणि फिल्मची जाडी १०० नॅनोमीटर असली, तर काटछेद भरतो एका चौरस सेंटिमीटरचा दोन कोटींवा भाग. १ लाखाच्या घनतेला तेथे फक्त ५ मिलिअँपिअर धारा लागते. तीच घनता मिलिमीटरभर जाडीच्या स्फटिकात गाठायची म्हटली तर शेकडो अँपिअर सोडावे लागतील आणि तारांच्या जोडांवरची उष्णताच नमुना तापवून टाकेल. उलट बाजू अशी की निकष फार नाजूक असतो. दर सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट दाब दिसला की क्रांतिक धारा ओलांडली, असे मानण्याची पद्धत आहे. पूल १ मिलिमीटर लांबीचा असेल तर शोधायचा दाब ०.१ मायक्रोव्होल्ट. तांब्याच्या प्रचंड वेटोळ्यांतून मेगावॉटच्या प्रमाणात वीज ओतून क्षेत्र निर्माण करणाऱ्या चुंबकाच्या पोटात, त्याच्या गोंगाटात, एवढासा दाब पकडायचा असतो.

यावरूनच स्थिर क्षेत्र आणि स्पंदित क्षेत्र यांतला फरक लक्षात येईल. ड्रेस्डेन, तुलूझ किंवा लॉस अलामोस येथे स्पंदित चुंबके ६० टेस्लाच्या पुढे सहज जातात, पण क्षेत्र काही मिलिसेकंदांत वर चढते. सेकंदाला ५,००० टेस्ला या वेगाने क्षेत्र बदलत असेल आणि तारांच्या मांडणीत केवळ १ चौरस मिलिमीटरचा फेरा उघडा राहिला असेल, तर त्यात ५ मिलिव्होल्ट दाब प्रेरित होतो. आपण शोधत असलेल्या दाबाच्या पन्नास हजार पट. म्हणून स्पंदित क्षेत्रात रोध मोजून वरचे क्रांतिक क्षेत्र काढणे सोयीचे पडते, पण क्रांतिक धारेचे भरवशाचे आकडे बहुधा स्थिर क्षेत्रातून येतात. २०१५ मध्ये कोबाल्टयुक्त बेरियम-लोह-आर्सेनिकच्या, कॅल्शियम फ्लोराइडवर वाढवलेल्या फिल्म्सचा ३५ टेस्लापर्यंतचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही स्थिर क्षेत्रातलाच.

वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वरचे क्रांतिक क्षेत्र कोणत्या निकषाने काढले आहे, हे पाहिल्याशिवाय दोन शोधनिबंधांतील आकडे शेजारी ठेवू नयेत. रोध सामान्य अवस्थेच्या ९० टक्क्यांवर आला तो बिंदू घेतला, की निम्म्यावर आला तो, यानेच काही टेस्लांचा फरक पडतो, आणि ज्या पदार्थांत संक्रमण पसरट असते तेथे तो आणखी मोठा होतो.

कोनाविषयी: क्षेत्र फिरवत धारा मोजली की फिल्मची अंतर्गत रचना जणू आपोआप वाचता येते. क्षेत्र थरांना समांतर असताना दिसणारे शिखर लोह-आर्सेनिकच्या थरांमुळे किंवा आडव्या दोषांमुळे येते. लंब दिशेचे शिखर खांबांसारख्या उभ्या दोषांमुळे. दिशाहीन दोषच असतील तर सर्व कोनांचे मोजमाप योग्य परिमाण लावून एकाच वक्रावर बसवता येते. ताम्र-ऑक्साइडांत या परिमाणातला दिशाभेदाचा आकडा स्थिर धरून चालते. लोहाधारित पदार्थांत मात्र एकाहून अधिक इलेक्ट्रॉनपट्टे एकत्र भाग घेत असल्यामुळे तो आकडाच तापमानाबरोबर बदलतो.

रसायनी

धाग्यात रसायनशास्त्राची बाजू राहिली आहे, आणि फिल्म चांगली की वाईट हे बहुतेक वेळा तेथेच ठरते.

समॅरियमच्या संयुगात अतिसंवाहकता आणण्यासाठी ऑक्सिजनच्या काही जागी फ्लोरिन बसवावे लागते, आणि तापवलेल्या निर्वात कक्षात फ्लोरिन टिकवणे हे जिकिरीचे काम आहे. नागोयाच्या गटाने काढलेली तोड मला आवडते: आधी फ्लोरिनविरहित फिल्म रेणूझोताने वाढवायची, तिच्यावर समॅरियम फ्लोराइडचा थर द्यायचा आणि त्यातून फ्लोरिन खाली झिरपू द्यायचे. हा मार्ग सुंदर आहे, पण किलोमीटरभर पट्टीसाठी कसा वापरायचा, हा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

लोह-सेलेनियम-टेल्युरियममध्ये आर्सेनिक नाही आणि घटकही तीनच आहेत, त्यामुळे ते सोपे वाटते. त्याची अडचण वेगळी आहे. थरांच्या मधल्या जागांत जादा लोह शिरून बसते, त्या अणूंना स्वतःचे चुंबकीय आघूर्ण असते, आणि ते जोड्या मोडतात. स्फटिकांच्या बाबतीत ऑक्सिजनमध्ये सौम्य तापवून हे जादा लोह निष्प्रभ करता येते. फिल्म्समध्ये आधार, म्हणजे ज्या स्फटिकावर फिल्म वाढवतात तो, कोणता निवडला याला फार महत्त्व येते. इटलीतील जिनोव्हाच्या गटाने २०१० मध्ये आधाराकडून येणाऱ्या दाबजन्य ताणाच्या जोरावर क्रांतिक तापमान २१ केल्विनपर्यंत नेले होते, जे मूळ स्फटिकापेक्षा सहाएक केल्विनने जास्त आहे. ब्रुकहेवनने सेरियम ऑक्साइडचा मधला थर वापरला. कॅल्शियम फ्लोराइडचा आधारही लोकप्रिय आहे, कारण ऑक्साइडच्या आधारातून फिल्ममध्ये ऑक्सिजन शिरण्याचा धोका तेथे नसतो.

आर्सेनिकच्या विषारीपणाचा बाऊ करण्याचे कारण नाही, कारण बनलेल्या संयुगात ते घट्ट बांधलेले असते. मात्र कच्चा माल हाताळताना बंद पेटी आणि निचऱ्याची व्यवस्था चोख लागते, आणि तो खर्च कारखान्याच्या हिशेबात धरावाच लागतो.

तांब्याची तार

मी विद्युत अभियंता आहे आणि चुंबकांच्या वेटोळ्यांशी माझा व्यवसायामुळे संबंध येतो. १ लाख अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर हा आकडा फिल्मच्या काटछेदाचा आहे. वेटोळे मात्र आख्ख्या पट्टीचे गुंडाळावे लागते. फिल्म १०० नॅनोमीटर जाड आणि खालची निकेल मिश्रधातूची पट्टी ५० मायक्रोमीटर जाड धरली, तर अतिसंवाहकाचा वाटा ५०० मध्ये १. म्हणजे १ लाखाचे झाले २०० अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, आणि वर संरक्षक तांबे चढवले की आणखी कमी. वेगळ्या शब्दांत, १ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीतून ३० टेस्लाला वाहणार १ अँपिअर. घरातल्या इस्त्रीच्या वायरीतूनही त्याहून जास्त वाहते.

बाजारात मिळणाऱ्या दुर्मीळ मृदा-बेरियम-ताम्र-ऑक्साइडच्या पट्टीत अतिसंवाहकाचा थर एक-दोन मायक्रोमीटरचा असतो आणि तशाच परिस्थितीत ती तेवढ्याच रुंदीत शेकडो अँपिअर वाहते. २०२१ मध्ये अमेरिकेत एमआयटी आणि तिच्या भागीदार कंपनीने संमीलन अणुभट्टीसाठी बांधलेले २० टेस्लाचे मोठे चुंबक याच पट्टीचे होते, आणि १.२ गिगाहर्ट्झच्या एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) यंत्रांतील २८.२ टेस्लाचे क्षेत्रही उच्च तापमान अतिसंवाहकाच्या आतल्या वेटोळ्याशिवाय शक्य झाले नसते. मग लोहाच्या फिल्मचे प्रयोजन काय?

शून्यरोध

तांब्याची तार, तुमचा हिशेब बिनचूक आहे. फिल्मच्या बातम्यांमध्ये ही पायरी नेहमी गाळली जाते. लोहाची फिल्म उद्या ताम्र-ऑक्साइडाच्या पट्टीची जागा घेईल, असे मीही म्हणणार नाही. माझ्या दृष्टीने फिल्मची किंमत वेगळी आहे. पदार्थ स्वतः कुठवर जाऊ शकतो, याची कमाल मर्यादा ती दाखवते. तारेत किंवा पट्टीत नंतर जे काही हरवते ते कुठे हरवले, हे त्या मर्यादेशी ताडून पाहूनच कळते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण कणसीमांचे आहे. ताम्र-ऑक्साइडात शेजारचे दोन स्फटिककण एकमेकांशी तीन ते पाच अंशांपेक्षा जास्त तिरके बसले की त्यांच्या सीमेवरून धारा झपाट्याने ढासळते. म्हणूनच ती पट्टी इतकी महाग आहे: किलोमीटरभर लांबीत जवळजवळ एकच स्फटिक वाढवावा लागतो. २०११ मध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने कोबाल्टयुक्त बेरियम-लोह-आर्सेनिकच्या फिल्म्स मुद्दाम दोन तिरक्या स्फटिकांच्या आधारावर वाढवून पाहिल्या, तेव्हा ही मर्यादा ९ अंशांच्या आसपास आढळली, आणि त्यापुढील घसरणही ताम्र-ऑक्साइडाइतकी तीव्र नव्हती. एका फिल्मवर केलेल्या या मोजमापामुळे तारवाल्यांना धीर आला, कारण नळीत भुकटी भरून, ओढून, लाटून बनवलेल्या साध्या पट्टीत कण अशाच बेशिस्त कोनांत बसलेले असतात.

त्या वाटेने बरीच प्रगती झाली आहे. बीजिंगमधील विद्युत अभियांत्रिकी संस्थेच्या गटाने चांदीच्या नळीत बनवलेल्या पट्टीत २०१४ मध्ये १० टेस्ला आणि ४.२ केल्विनला १ लाखाची घनता गाठली, आणि २०१६ मध्ये १०० मीटर लांबीची पट्टी बनवून दाखवली. तेथे अतिसंवाहकाचा वाटा ५०० मध्ये १ नसून पट्टीच्या काटछेदाचा चौथा-पाचवा हिस्सा असतो; तुम्ही मांडलेला भागाकार तेथे बराच सौम्य होतो.

जिज्ञासू नाशिककर

कणसीमांचा मुद्दा पटला. भारतात या विषयावर काम होते का?

शून्यरोध

होते, मात्र ४५ टेस्लाचे स्थिर क्षेत्र आपल्याकडे नाही, त्यामुळे भर वेगळ्या प्रश्नांवर राहिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भोवऱ्यांच्या जाळीवर दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. निओबियम डायसेलेनाइडमध्ये क्षेत्र वाढत असताना धारा घटण्याऐवजी वरच्या क्रांतिक क्षेत्राच्या जरा अलीकडे अचानक उसळी घेते. १९९० च्या दशकात तेथे या परिणामावर बरेच काम झाले, आणि पुढे त्याच संस्थेत स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने भोवऱ्यांची जाळी टप्प्याटप्प्याने विस्कटत जाताना प्रत्यक्ष पाहिली गेली. क्षेत्रे तेथे लहान होती, पण शिस्तीत उभी असलेली जाळी दोषांपुढे कशी मोडते हा प्रश्न लोहाच्या फिल्ममध्येही तोच आहे. इंदूरच्या यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या) केंद्रात अतिशीत तापमान आणि तीव्र क्षेत्र यांची सोय देशभरातील विद्यापीठांच्या संशोधकांसाठी आहे.

तांब्याची तार

नळीतल्या पट्टीचा मुद्दा मान्य. फिल्मच्या बाबतीत मात्र माझी अट आकड्यांतच सांगतो. २० टेस्लाच्या लंब क्षेत्रात, ४.२ केल्विनला, १ सेंटिमीटर रुंदीतून निदान १०० अँपिअर. जाडी १ मायक्रोमीटरपर्यंत नेता आली असे धरले, तरी त्यासाठी १० लाख अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर लागतील, म्हणजे धाग्यातल्या आकड्याच्या दहापट. ही मजल शक्य कोटीतली आहे का?

ऱ्हाइनकाठ

तत्त्वतः मोकळी जागा आहे. जोड्या मोडण्याची जी अंतिम मर्यादा असते, ती बेरियमच्या कुटुंबासाठी २०० नॅनोमीटरची भेदन खोली (क्षेत्र पृष्ठभागातून जेवढे आत शिरते ती) आणि अडीच नॅनोमीटरची सुसंगती लांबी धरून काढली, तर शून्य क्षेत्रात दर चौरस सेंटिमीटरला १० कोटी अँपिअर येते. लोह-सेलेनियम-टेल्युरियमची भेदन खोली दुपटीहून जास्त असल्याने तेथे हाच आकडा दोन कोटींच्या घरात राहतो. त्यामुळे तुमच्या अटीसाठी मी बेरियमच्या कुटुंबाकडे पाहीन.

अडचण जाडीची आहे. फिल्म जाड होत जाते तसा आधाराकडून आलेला ताण सैल पडतो आणि वरच्या भागातील कणांची मांडणी बिघडत जाते, त्यामुळे धारा जाडीच्या प्रमाणात वाढत नाही. खांबांसारखे दोष पेरून लंब क्षेत्रातली धारा वाढवायची, तर २० टेस्लासाठी ते साधारण ११ नॅनोमीटर अंतरावर हवेत. खांब स्वतः चार-पाच नॅनोमीटरचे असतील, तर फिल्मचा पाचवा ते आठवा हिस्सा अतिसंवाहक नसलेल्या ऑक्साइडानेच व्यापला जाईल आणि उरलेल्या पदार्थाचे क्रांतिक तापमानही खाली ओढले जाईल. म्हणून लहान गोलाकार कण किंवा प्रोटॉनांचा मारा, ज्यांत आकारमान फारसे वाया जात नाही, हे मार्ग मला अधिक पटतात. तुमच्या अटीतले २० टेस्ला तसेच ठेवून जाडी अर्धा मायक्रोमीटर आणि धारा २० अँपिअर एवढी सूट दिलीत, तर लागणारी घनता ४ लाखांवर येते, आणि माझ्या मते पुढची खरी झटापट त्याच पट्ट्यात आहे.